दुखायचं थांबलंय, तरी दाताच्या डॉक्टरांकडे न्यायचं का?

झोपमोड
मुलगा सव्वाचार वर्षांचा. मागच्या आठवड्यात सलग तीन रात्री दीड-दोनच्या सुमारास रडत उठला. "कानात दुखतंय" म्हणायचा आणि उजवा गाल माझ्या दंडावर दाबून धरायचा. दिवसा खेळणं, भांडणं सगळं व्यवस्थित, त्यामुळे आधी वाटलं स्वप्नं पडत असतील. बालरोगतज्ज्ञांनी दोन्ही कान पाहिले, स्वच्छ. मग तोंड उघडायला लावलं, तर खाली उजवीकडची शेवटची दाढ वरून काळी. दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल द्या आणि दाताच्या डॉक्टरांना दाखवा, एवढं सांगितलं.
चौथ्या रात्री गडी गाढ झोपला. त्याला आज पाच दिवस झाले. दुखणं नाही, औषध नाही. फक्त घास डावीकडे सरकवून खातो. आणि काल दात घासताना त्या दाढेखाली हिरडीवर मोहरीएवढी पिवळट पुटकुळी दिसली. दाबली तरी दुखत नाही म्हणतो.
घरात नवरा म्हणतो, आता दुखत नाही तर पोराला उगाच खुर्चीत कशाला बसवायचं? सासूबाई म्हणतात, दुधाचा दात, पडणारच आहे. मलाही खरं तर हेच ऐकायचं होतं, पण ती पुटकुळी डोक्यातून जात नाही.
जाता जाता: धाकटी आठ महिन्यांची, दात येतायत, लाळेने दिवसाला सहा लाळेरी भिजवते. हिरड्यांना लावायची जेल मिळते ती लावू का?

निळी_शाई
आमच्याकडेही असंच झालं होतं, आपोआप थांबलं. तीन वर्षं झाली, अजून काही नाही. थोडं थांबून बघा.

आजोबा_ऑनलाइन
आमच्या वेळी दुधाच्या दातांचं कोणी एवढं कौतुक करत नव्हतं. कापसावर लवंगतेल घ्यायचं, दाढेत धरायचं, झालं. पुटकुळी सुईने फोडून मिठाच्या पाण्याने चूळ भरायला लावा.

दाढवाला
पुटकुळीबद्दल लिहिलंत हे बरं केलंत, कारण सगळा प्रश्न त्या मोहरीत आहे. मी मुलांचे दात बघतो, म्हणून जरा लांबण लावतो.
दाताच्या आत मऊ भाग असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. त्याला सूज आली की पसरायला जागा नाही, चारी बाजूंनी कठीण भिंती. म्हणून ठणका लागतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून तो रात्री जास्त. दिवसा खेळणारं मूल रात्री रडतं ते या कारणाने, स्वप्नांनी नाही. खालच्या दाढा आणि कानाच्या पुढचा भाग यांच्या संवेदना एकाच नसेच्या फाट्यांमधून मेंदूकडे जातात, म्हणून चार वर्षांचं मूल "कान" म्हणतं. खोटं बोलत नाही ते.
मग एक दिवस ती नस मरते. मेलेली नस दुखत नाही. घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मला पुढच्या तीन महिन्यांत सुजलेला गाल बघायला मिळतो. आतला संसर्ग मुळांच्या मधून हाडात उतरलेला असतो आणि हिरडीतून स्वतःची वाट काढतो. ती वाट म्हणजे तुमची पुटकुळी. पू वाहून जातोय, दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. ती भरेल, फुटेल, नाहीशी होईल, पुन्हा येईल. ती नाहीशी झाली म्हणून फसू नका.
आजोबा, राग मानू नका, पण सुई नको. ती फोडून आतलं दुखणं कणभरही कमी होत नाही आणि बाहेरची घाण आत जाते. लवंगतेलही लहान मुलांना नको. निव्वळ तेलाने हिरडी आणि जीभ भाजल्यासारखी होते, आणि पोटात गेलं तर लहान जिवाला ते सरळसरळ विषारी आहे.
झोपमोड, याच आठवड्यात दाखवा. रात्रीत धावायची गरज नाही. पण गालाला सूज, डोळ्याखाली किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं एकही दिसलं तर मात्र सकाळची वाट बघू नका.

शंकासुर
एक प्रामाणिक शंका. जो दात पडणारच आहे त्याचं रूट कॅनाल (मेलेली नस साफ करून मुळं भरणं) करतात ते कशासाठी? काढून टाका ना. मला तरी यात डॉक्टरांचाच फायदा दिसतो.

दाढवाला
शंका रास्त आहे, पाहुणे घरी आले की सगळ्यात आधी हीच विचारतात.
पहिली गोष्ट, "पडणारच आहे" म्हणजे कधी? पुढचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. पण ही शेवटची दुधाची दाढ १० ते १२ व्या वर्षी. मूल सव्वाचारचं आहे. म्हणजे अजून सहा-सात वर्षं तिच्यावर चावायचं आहे.
दुसरी गोष्ट जागेची. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना शेवटच्या दुधाच्या दाढेच्या पाठीला टेकून, घसरत वर येते. तो आधारच काढून टाकला तर ती पुढे कलंडते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग बाराव्या वर्षी तारा. इतर दाढ काढली तर जागा राखायला तारेचं छोटं साधन बसवता येतं. पण या दाढेच्या मागे अजून दातच उगवलेला नाही, साधन अडकवायचं कुठे? त्यासाठी हिरडीत खुपसलेलं एक वेगळं साधन असतं, पण ते सांभाळणं कटकटीचं. म्हणून नेमकी हीच दाढ वाचवायला आम्ही जीव टाकतो.
आणि हो, प्रत्येक वेळी वाचतेच असं नाही. मुळांखालचं हाड फार गेलं असेल, किंवा खालच्या कायमच्या दाताच्या अंकुराला धोका दिसत असेल, तर काढणंच शहाणपणाचं. तो अंकुर दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यातच बसलेला असतो. संसर्ग वर्षभर मुरला तर कायमचा दात डाग पडलेला, खरबरीत येऊ शकतो. काय करायचं ते एक्स-रे बघून ठरतं, माझ्या प्रतिसादावरून नाही.

निळी_शाई
हे वाचून मी आत्ता मुलाला झोपेतून उठवून टॉर्चने बघितलं. पुटकुळी नाही. पण आमचा दात राखाडी झालाय. तो वरचा पुढचा आहे, पडल्यावर आपटला होता, त्यानंतर दुखून थांबला होता. हे पण दाखवू का?

दाढवाला
दाखवा. आपटलेला दुधाचा दात रंग बदलतो, त्यातले बरेच काही न करता पडेपर्यंत टिकतात. फक्त नजर ठेवायची. पोराला झोपू द्या आता.

जुळ्यांचीआई
झोपमोड, धाकटीबद्दल. "दात येतायत" हे वाक्य मी घरात बंदी घालून ठेवलंय. का ते सांगते.
जुळी चौदा महिन्यांची असताना एकाला ताप आला, १०३ पर्यंत. लाळ, चिडचिड, खाणं बंद. सगळे म्हणाले दाढ येतेय. मीही दीड दिवस तेच म्हणत बसले. तिसऱ्या दिवशी ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या लालभडक, सुजून दातांवर आलेल्या, ब्रशच्या नुसत्या स्पर्शाने रक्त. जिभेवर, ओठांच्या आत बारीक फोड. तो होता हर्पीस विषाणूचा पहिला संसर्ग. मोठ्यांच्या ओठावर ज्याचे फोड येतात तोच विषाणू, लहानपणी पहिल्यांदा होतो तेव्हा काहींना असं सगळं तोंड येतं. डॉक्टर म्हणाले, विषाणूवरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोग. आम्ही काठावर पोचलो. त्याहून मोठी भीती पाण्याची होती, कारण पोरगा घोटभरही गिळेना. बारा तासांत लंगोट कोरडा, तेव्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. दहाव्या दिवशी पूर्ण बरा. दुसऱ्याला पाच दिवसांनी झालं, पण आम्ही तयार होतो. चमच्याने थंड पाणी, दर दहा मिनिटांनी, घड्याळ लावून.
दात येताना लाळ येते, बाळ हिरड्या चोळतं, किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं. खरा ताप, जुलाब, अंगभर पुरळ आलं की दुसरं कारण शोधायचं. पूर्ण विराम.

शंकासुर
अवांतर, पण दातांवर खापर फोडण्याचा इतिहास भयंकर आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बाळांच्या मृत्यूचं कारण म्हणून "दात येणे" असं सरकारी नोंदीत लिहायचे. त्यावर उपाय म्हणून बाळांना देत ती पावडर, तिच्यात पारा. त्या पाऱ्याने हातपाय गुलाबी पडून सोलवटायचे, बाळं दिवसरात्र विव्हळायची. अशा पावडरी ब्रिटनच्या बाजारातून गेल्या त्या १९५४ मध्ये. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. (मघाशी डॉक्टरांवर शंका घेतली ती मागे घेतो, पण बाजारावरची घेत नाही.)

दाढवाला
मागे घेऊ नका, असू द्या. २००० साली १२५ बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून एक अभ्यास झाला होता. दात फुटण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्या काळात थोडं चावणं, लाळ, चिडचिड वाढलेली दिसली. जोराचा ताप दाताशी जोडता आला नाही. आणि एकही लक्षण असं नव्हतं की ते बघून सांगता यावं, दात येतोय.

कापूसकोंडा
मी औषधं देणाऱ्या बाजूचा. जेलबद्दल थोडं स्पष्ट लिहितो.
जेलच्या ट्यूबवर बेंझोकेन (बधिर करणारं औषध) लिहिलंय का बघा. असेल तर दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद अचानक घटू शकते, बाळ निळंराखाडी पडतं. वारंवार होत नाही, पण होतं तेव्हा मिनिटांत होतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये तर अशी उत्पादनं बाळांसाठी विकूच नका असं बजावलं. लिडोकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचंही तेच, जास्त पोटात गेलं तर झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. आणि एवढं करून मिळतं काय? लाळेच्या धारेत जेल दोन मिनिटंही टिकत नाही.
दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात त्या अंबरच्या (पिवळ्या राळेच्या मण्यांच्या) माळा पण नकोत. झोपेत गळा आवळला जातो, मणी सुटून घशात अडकतो.
आता पॅरासिटामॉल. माझ्या काउंटरवरची सगळ्यात नेहमीची चूक: ड्रॉप्स आणि सिरप एकच समजणं. ड्रॉप्समध्ये औषध कितीतरी पट दाट असतं. सिरपचा पाच मिली डोस ड्रॉप्सच्या बाटलीतून मोजला की झालाच घोटाळा. डोस वयावर नाही, वजनावर: एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. बाटलीवर "किती मिलीत किती मिलिग्रॅम" ते वाचा आणि सोबत येणाऱ्या पिचकारीनेच मोजा, घरातल्या चमच्याने नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी औषध देत बसायचंच नाही. आयबुप्रोफेन सहा महिन्यांनंतर, आणि मूल पाणी पीत नसेल तर नकोच. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीही नाही, दुखऱ्या दाताला लावायलाही नाही. हिरडी पांढरी पडून भाजते.
धाकटीला स्वच्छ बोटाने हिरडी चोळा, थंड ओलं कापड चावायला द्या. फ्रीजरमध्ये दगड केलेली रिंग नको, नुसती गार पुरे.

मधलीसून
यात माझीही एक भर. मुलगी सहा वर्षांची, अगदी मागे दुखतंय म्हणायची, तोंड उघडताना कळ. मी सगळे दुधाचे दात तपासले, एकही किडका नाही. निघालं काय, तर दाढवाला म्हणतात तीच सहा वर्षांची कायमची दाढ अर्धी वर आलेली, तिच्यावर हिरडीचा पदर, आणि त्याखाली अन्न अडकून सूज. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि ब्रश आडवा धरून मागपर्यंत घासणं, चार दिवसांत शांत. मला तर माहीतच नव्हतं की तिथे दात येतो! काही पडलंच नाही ना आधी, मग नवीन येईल कसा, असा माझा हिशोब.

दाढवाला
हा हिशोब जवळजवळ सगळ्यांचा असतो. म्हणूनच कायमच्या दातांत सगळ्यात आधी किडतो तोच. आईवडील त्याला दुधाचा समजून सोडून देतात. त्याच्यावरच्या खाचा खोल असतात, त्या सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, भरून घेता येतात.
आणखी एक: हीच दाढ येतानाच पिवळी-तपकिरी, खडूसारखी ठिसूळ असेल आणि गार पाण्याने किंवा ब्रशने मूल कळवळत असेल, तर "नीट घासत नाही" म्हणून ओरडू नका. काही मुलांच्या या दाढांचं कवच बनतानाच कच्चं राहतं. त्यांना घासणंच दुखतं, म्हणून घासत नाहीत, म्हणून आणखी किडतं. लवकर दाखवलं तर बरंच वाचतं.

शंकासुर
मुळात सव्वाचार वर्षांत दाढ इतकी कशी किडते? गोड तर सगळीच मुलं खातात.

दाढवाला
किती गोड यापेक्षा किती वेळा, हे महत्त्वाचं. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले जंतू अर्धा तास तरी आम्ल बनवतात. लाळ ते धुऊन काढते, पण तिला मधे वेळ मिळाला पाहिजे. दिवसभर थोडं थोडं चघळणारं मूल तो वेळ देतच नाही. आणि झोपेत लाळ जवळपास बंद. त्यात बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय असेल तर वरचे पुढचे दात आधी जातात, खालचे जिभेखाली झाकलेले म्हणून वाचतात. हे चित्र इतकं ठरलेलं आहे की दात बघून आम्ही रात्रीची बाटली ओळखतो. सुरुवात काळ्या डागाने होत नाही. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ येते, आणि त्या अवस्थेत फ्लोराइडने ती परतवता येते. दुधाच्या दाताचं कवच पातळ, आतली नस जवळ, त्यामुळे एकदा खड्डा पडला की मामला महिन्यांचा असतो, वर्षांचा नाही.
पहिला दात दिसला की घासणं सुरू. फ्लोराइडची टूथपेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी. रात्रीचं घासणं मोठ्यांनी स्वतःच्या हाताने करायचं, निदान सात-आठ वर्षांपर्यंत. मुलांनी स्वतः घासलेले दात मी रोज बघतो.

जुळ्यांचीआई
घरी मुलाच्या तोंडात बघायचं कसं, हे कोणी सांगत नाही. दोघांनी समोरासमोर बसा, गुडघ्याला गुडघा. मूल एकाच्या मांडीवर त्याच्याकडे तोंड करून बसवा आणि मागे आडवं करा, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. रडलं तर उत्तम, तोंड पूर्ण उघडतं. ओठ बोटाने वर उचला, हिरडी दिसेपर्यंत. महिन्यातून एकदा, अर्ध्या मिनिटाचं काम.

झोपमोड
आज जाऊन आलो. नवराही आला, आधी फोन बघत बसला होता, एक्स-रे दाखवल्यावर फोन खिशात गेला. दाढेच्या दोन मुळांमधे हाड जिथे पांढरं दिसायला हवं तिथे काळा ढग. नस मेलेली. आणि शेजारच्या दाढेला, जिथे दोन दाढा एकमेकींना चिकटतात तिथे, बाहेरून अजिबात न दिसणारी कीड. ती मात्र नसेपासून लांब.
ढग अजून लहान आहे, कायमच्या दाताच्या अंकुरापर्यंत पोचलेला नाही, त्यामुळे वाचवून बघू म्हणाले. नाहीच जमलं तर काढावी लागेल हेही तोंडावर सांगितलं, ते मला आवडलं. पहिल्या भेटीत काहीही केलं नाही. खुर्ची वरखाली केली, आरशाने त्याला त्याचेच दात मोजून दाखवले. वीस. घरी येईपर्यंत प्रत्येकाला सांगत होता.

आजोबा_ऑनलाइन
त्याला माझ्याकडून शाबासकी. आणि नातवाच्या आईला हा धागा पाठवलाय, लवंगतेलाचा प्रतिसाद तेवढा वाचू नको म्हटलं.

झोपमोड
शेवटचं अपडेट, तीन आठवड्यांनी. दोन बैठकी झाल्या. बधिर करायच्या इंजेक्शनच्या वेळी रडला, अर्धा मिनिट. आतलं साफ करून मुळांत पेस्ट भरली. मी विचारलं, मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये भरतात तीच का? तर नाही. दुधाच्या दाताची मुळं पुढे आपोआप विरघळायची असतात, तेव्हा आतलं सारणही त्यांच्यासोबत विरघळणारं लागतं. वर स्टीलची टोपी. शेजारच्या दाढेत साधं भरण. पुटकुळी आठव्या दिवशी गेली, पण डॉक्टर म्हणाले मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही, सहा महिन्यांनी एक्स-रे बघेन. (दाढवाला, तुम्ही सगळे एकाच शाळेत शिकता का?)
घास पुन्हा उजवीकडे जाऊ लागलाय. मला वाटलं होतं ती त्याची सवयच आहे.
धाकटीचे खालचे दोन दात काल फुटले. ना ताप, ना काही. तांदळाएवढा ठिपका लावून घासले, तिने ब्रशच चावला.
मोठा रात्री आरशासमोर उभा. "ही टोपी पण पडणार?"
"हो, दाताबरोबरच. तू अकरा वर्षांचा झालास की."
बोटांवर मोजलं, दुसऱ्या हाताची दोन बोटं लागली. मग म्हणाला, "म्हणजे अजून खूप वेळा घासायचीय."

दाढवाला
एकाही मोठ्या माणसाला हा हिशोब येत नाही. सहा महिन्यांनी इथे लिहा.